मदत हवी आहे: मेसोपोटेमियात गेलेल्या चुलत पणजोबांच्या मुलीचे वंशज कसे शोधावेत?

मंडळी,

पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात (घरात 'जर्मन लढाई' म्हणतात) मेसोपोटेमियात (आताच्या इराकात) गेले ते परतले नाहीत. मागे बायको आणि एक लहान मुलगी. बाई पोरीला घेऊन माहेरी गेल्या, आणि तिथून पुढचा माग आमच्याकडे नाही. माहेरचं गाव कुणालाच ठाऊक नाही. आजी नुसतं "वरच्या अंगाला" म्हणायची. मला त्या मुलीचे वंशज शोधायचे आहेत.

हाताशी आहे ती देवघरातली एक कांस्याची चकती. मृत सैनिकांच्या घरी तेव्हा सरकार पाठवायचं तीच: पाच इंचाला थोडी कमी, त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, पुढ्यात सिंह, चौकटीत नाव. वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहून सिंहाची आयाळ झिजलीय, नाव मात्र लख्ख वाचता येतं. पण या चकतीवर हुद्दा, नंबर, पलटण काहीच नसतं. सगळ्यांना सारखा मान म्हणून मुद्दामच ठेवलं नाही म्हणे. कल्पना थोर, शोधणाऱ्याची पंचाईत! ज्याच्या कडेवर हे सगळं कोरलेलं असतं ते चांदीचं पदक घरच्यांनी कुठल्याशा दुष्काळात मोडलं.

कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर (शोध फुकट आहे) त्याच नावाचे दोन शिपाई सापडले. दोघांचीही नोंद बसरा स्मारकावर, म्हणजे समाधी नाही. एक ११० व्या मराठा पलटणीतला, मृत्यू जुलै १९१६, बापाचं नाव-गाव कोरं. दुसरा ११४ व्या मराठातला, मृत्यू ऑक्टोबर १९१८. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचंच, पण ते नाव त्या काळी घरोघरी असायचं. गाव दिलंय नुसतं 'खानापूर'. आम्ही खानापूर तालुक्यातलेच, आता सांगली जिल्हा, तेव्हा सातारा. पण खानापूर बेळगावातही आहे, आणि मराठा पलटणींत तिकडचीही पोरं भरती व्हायची.

यातला आमचा कोणता हे कसं ठरवावं? आणि विधवेच्या पेन्शनचे कागद कुठे मिळू शकतात? त्यात माहेरचं गाव असेल अशी आशा आहे. चुलते म्हणतात, "शंभर वर्षांनी कशाला उकरतोस, वाटणी मागायला येतील." येऊ देत. चकती तरी त्यांच्या घरी जायला हवी असं माझं मत आहे.

प्रतिसाद:
आधी एक विचारतो. ते कसे गेले याबद्दल घरात काही बोलणं आहे का? कारण तारखा बोलक्या आहेत. ११० वी मराठा मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून वेढा, शेवटी खायला काही उरलं नाही, घोडे कापले, आपले बरेच शिपाई ते मांस कित्येक दिवस शिवायला तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग तुर्कांची कैद आणि उन्हातली पायपीट. जुलै १९१६ म्हणजे बहुधा कैदेतला मृत्यू. ११४ वी मराठा ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस शरकात इथे (मेसोपोटेमियाच्या उत्तरेला) लढली.

पलटणीच्या युद्धदैनंदिन्यांवर पैसे घालू नका. त्यांत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे बहुतेक आकडे. बसऱ्याच्या मूळ स्मारकावरही भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या.

त्यापेक्षा गावात शोधा. तहसील कचेरीतली जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना १४, आणि जमिनीचे फेरफार. त्यांच्या हिश्शाला वारस म्हणून कुणाचं नाव लागलं, बायकोचं की भावाचं? मोडी लिपीत असेल तर वाचणारा सोबत न्या. तुमच्या भागात हेळवी (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे) येत असतील तर त्यांची वही बघाच; आणि घरचं कुणी नाशिकला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव-आडनावावरून पान निघतं. बाईंच्या माहेरचं कुळ माहीत असेल तर त्यांचंही.

धागाकर्ता:
आजी म्हणायची, "गोळीनं नाही, भुकेनं गेला." हे मी वर लिहायलाच हवं होतं, पण म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. म्हणजे ११० वी? मग बापाचं नाव जुळणारा तो दुसरा कुणीतरी बेळगावकडचा असेल. तरी फेरफार बघितल्याशिवाय मी पक्कं धरत नाही.

बाईंचं माहेरचं आडनाव शिंदे, एवढंच कळलंय, आणि आमच्याकडे शिंदे काय, दगड मारावा तिकडे. हेळव्यांची फेरी आमच्या गावात बंद झाली आहे. विटा-खानापूरकडे अजून कुणाकडे येत असतील तर कोणत्या महिन्यात येतात ते इथे सांगा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि मोडी वाचणारं कुणी विट्यात असेल तर तेही.