‘बौद्धिक नम्रता’ जमत नाही. मग काय? (सोबत: असेल, असावं, असणार, म्हणे)

पंचवटीकर: द्राक्ष बागाईतदारांच्या शिबिरासाठी एक टिपण मराठीत करायचं आहे. विषय असा: जे आपण खरं धरून चालतो त्याची आपल्याला नेमकी किती खात्री आहे, हे ओळखून बोलणं आणि वागणं. ‘इंटलेक्च्युअल ह्युमिलिटी’ला ‘बौद्धिक नम्रता’ असा प्रतिशब्द मिळतो, पण वाचणाऱ्याला वाटतं की अदबीनं बोलायला सांगताहेत. दुसरं काही सुचतंय? शिवाय ‘शक्यता’, ‘अंदाज’ आणि ‘संशय’ कुठे वापरावेत?

शब्दखोर: नम्रता नकोच. हात जोडून गोड बोलणारा माणूसही मतापासून तसूभर हलत नाही, अशी उदाहरणं गल्लोगल्ली आहेत. ‘विनय’ची तीच गत. नाम शोधत बसू नका, सरळ ‘माझं चुकत असेल हे धरून चालणं’ लिहा. लांब आहे, पण कळतं.

खरं तर मराठीत हे काम क्रियापद करतं. नाशकात गोदावरीला पूर आलाय असं समजा. ‘दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागलंय’ हे डोळ्यांनी पाहिलेलं. ‘लागलं असेल’ म्हणजे घरबसल्या केलेली अटकळ, तिला पुरावा लागत नाही. ‘लागलं असावं’ म्हणताना हाताशी एखादी खूण असते, उदाहरणार्थ रामकुंडाजवळच्या टपऱ्या हलवायला घेतल्यात. ‘लागलं असणार’ म्हणजे गंगापूर धरणाचा विसर्ग सकाळीच वाढवलाय, वर पाऊसही थांबलेला नाही, त्यामुळे दुसरं काही संभवतच नाही. आणि ‘लागलंय म्हणे’ म्हणजे ऐकीव, खऱ्याखोट्याचा भार सांगणाऱ्यावर.

गळती नेमकी इथेच होते. पहिला लिहितो ‘लागलंय म्हणे’. दुसरा ते पुढे पाठवताना ‘म्हणे’ गाळतो. तिसऱ्यापर्यंत पोचते ती पाहिलेली बातमी! टिपणात एवढा एक नियम दिलात तरी पुष्कळ झालं: ऐकीव गोष्ट पुढे सांगताना ‘म्हणे’ गाळायचं नाही.

निफाडकर: ‘असणार’ सरसकट घेऊ नका. ‘उद्या मी बागेत असणार’ यात अनुमान नाही, बेत आहे. ‘लागलं असणार’, ‘आला असणार’ अशा रूपांतच ते अनुमान ठरतं.

‘शक्यता’ हा शब्द मात्र बागाईतदाराला महागात पडतो. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५च्या वर. मराठी बातमीत तिन्हींची ‘शक्यता’ होते. म्हणजे ज्या ‘शक्यते’वर लोक पाऊस धरूनच चालतात, ती कधी कधी निम्म्याहूनही कमी असते. ‘तुरळक ठिकाणी’ हे वेगळंच माप आहे: त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. किती खात्री आणि किती ठिकाणी, ही दोन मापं एकाच वाक्यात येतात आणि वाचताना त्यांचा काला होतो.

म्हणून टिपणात शब्दाशेजारी आकडा द्या, आणि आकड्याचं काय करायचं तेही सांगा. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला, पानं ओली राहिली, की डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा धोका. समजा प्रतिबंधक फवारणीला १ रुपया लागतो आणि ती टाळून रोग आला तर १० रुपयांचं नुकसान. मग रोगाची शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की फवारणी परवडते. ‘पाऊस नक्की येणार का?’ हा प्रश्नच चुकीचा. खात्री व्हायची वाट पाहिली तर पंप बाहेर काढेपर्यंत पानं ओली झालेली असतात.

तलाठीबुवा: ‘अंदाज’साठी महसूल खात्याकडे तयार माल आहे. ‘नजरअंदाज करणे’ म्हणजे हिंदीत दुर्लक्ष करणं. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे गावच्या पिकाची सरकारी आकारणी, आधी नजरअंदाज असते, मग सुधारित, मग अंतिम. पहिला आकडा जाहीर होतानाच बदलायच्या तयारीनं येतो, त्यात कुणाचा अपमान नाही. टिपणातल्या मतांवरही असेच शिक्के मारा.

दर्शनवाचक: ‘संशय’ टाळा. न्यायदर्शन या प्राचीन तर्कशास्त्रातल्या १६ पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, तो आहे: अंधुक उजेडात समोर दिसतोय तो खांब की माणूस? तिथे ती निर्णयाकडे जायची वाट आहे. आजच्या मराठीत मात्र संशय विधानावर न जाता माणसावर जातो. ‘शंका’ बरी.

कुणीतरी जैन दर्शनातला ‘स्याद्वाद’ सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथलं ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. द्रव्य म्हणून पाहिलं तर घडा नित्य, आकार म्हणून पाहिला तर अनित्य, आणि दोन्ही विधानं ठामपणे केलेली. ती अनिश्चितता नाहीच, तेव्हा शिबिरात हा शब्द आणून गोंधळ वाढवू नका.

पंचवटीकर: नजरअंदाज, सुधारित, अंतिम हे शिक्के घेतले. आता एक अडचण. एखादा ‘७० टक्के’ म्हणाला, तर त्याचे ७० टक्के खरे कसे तपासायचे?

निफाडकर: एका अंदाजावरून कळत नाही, वही ठेवावी लागते. तारीख, विधान, टक्के आणि पुढे काय झालं, असे चार रकाने. ‘पाऊस येईल’ असं मोघम विधान नको, ‘गुरुवारी सकाळपर्यंत बागेतल्या पर्जन्यमापकात ५ मिमी किंवा जास्त’ असं हवं. नाहीतर नंतर दोन्हीकडून अर्थ लावता येतो. ७० टक्क्यांची विधानं बरीच साठली की त्यातली किती खरी ठरली ते मोजा. निम्मीच ठरली, तर तुमचे ७० म्हणजे ५०.

हिशेबाची रीत ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये दिली. टक्के दशांशात लिहा, घडलं तर १, नाही तर ०, दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा. ०.७ म्हणालात आणि घडलं तर ०.०९, नाही घडलं तर ०.४९. छातीठोक १ म्हणून चुकलात तर पूर्ण १. दरवेळी ०.५ म्हणत कुंपणावर बसलात तर कायम ०.२५.

शब्दखोर: या आकड्याला टिपणात ‘गुण’ म्हणू नका. कमी असलेला चांगला, म्हणून ‘दंड’ लिहा, नाहीतर शिबिरात जास्त आकडा आलेला माणूस पेढे वाटायचा.