व्हिटेकर की मेवेदर? १३५ पौंड, बारा फेऱ्या

डावा_पाय_पुढे

पर्नेल व्हिटेकर आणि फ्लॉइड मेवेदर हे दोन अमेरिकन बॉक्सर कधीच एकमेकांसमोर आले नाहीत. २००१ मध्ये व्हिटेकर शेवटची लढत लढला, तेव्हा मेवेदर १३० पौंडांचा विजेता होता. त्याच वर्षी जानेवारीत त्याने डिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं होतं. एक संपत असताना दुसरा भरात आला. तरीही ही लढत मला लावायचीच आहे. वजन १३५ पौंड, म्हणजे साधारण ६१ किलो. लाइटवेट गटाचे विजेतेपदाचे पट्टे एकत्र केलेला १९९० चा व्हिटेकर आणि २००२ चा मेवेदर.

माझं मत: व्हिटेकर, गुणांवर, ११५-११३ (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारण ९).

मेवेदरचा बचाव मुळात उजव्या हाताच्या बॉक्सरसाठी रचलेला आहे. डावा खांदा वर, हनुवटी त्याच्या आड, डावा हात पोटावर आडवा, उजवा पंजा गालाशी. समोरच्याचा उजवा सरळ ठोसा खांद्यावरून घसरतो आणि त्याच क्षणी मेवेदरचा उजवा सुटतो. व्हिटेकरसारख्या डावखुऱ्यासमोर हे गणित बिघडतं. त्याचा जोराचा हात डावा, तो खांद्याच्या बाजूने येतच नाही, छातीच्या उघड्या बाजूने येतो. २००६ मध्ये डावखुऱ्या झॅब जुडासमोरच्या पहिल्या चार फेऱ्या बघा. दुसऱ्या फेरीत मेवेदरचा ग्लोव्ह जमिनीला टेकला होता, रेफरीने नॉकडाउन धरला नाही एवढंच. जुडाकडे वेग होता, पण पुढे त्याला काही सुचेना. व्हिटेकरला बाराही फेऱ्या सुचत राहायचं.

सरळ_उजवा

जुडाची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. पाचव्या फेरीपासून मेवेदर दोन्ही हात वर घेऊन पुढे चालत गेला आणि लढतच फिरली. जजची शेवटची गुणकार्डं ११६-११२, ११७-१११ आणि ११९-१०९. समोरच्याचा ताल ओळखायला त्याला तीन-चार फेऱ्या लागतात, एकदा ओळखला की तो दार लावून घेतो.

आणि डावखुऱ्यावरचा उपाय त्याच्याकडे जन्मापासून आहे: आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) न टाकता थेट उजवा सरळ. ३ मे २०१५ ला, मेवेदर विरुद्ध डावखुरा पॅकियाओ, आपल्याकडे रविवारची सकाळ होती. मी चहा गार होईपर्यंत टीव्हीसमोरून हललो नाही. पॅकियाओ आत यायला पाय उचलायचा आणि त्याच्या नाकासमोर उजवा हजर. संगणकी मोजणीत मेवेदरचे १४८ ठोसे लागले, पॅकियाओचे ८१. शिवाय मेवेदर ५ फूट ८ इंच, हातांचा पल्ला ७२ इंच. व्हिटेकर ५ फूट ६, पल्ला ६९. आत यायचं काम व्हिटेकरलाच करावं लागेल.

डावा_पाय_पुढे

आत यायला व्हिटेकर कधी घाबरला? १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियोचं अलामोडोम, साठेक हजार माणसं, बहुतेक सगळी मेक्सिकोच्या ज्युलिओ सेझार चावेझच्या बाजूची. चावेझ तोवर ८७ लढतींत हरलेला नव्हता आणि जवळून पोटात मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळ्यांना वाटलं होतं व्हिटेकर गोल गोल फिरत राहील. तो चावेझच्या छातीला डोकं लावून उभा राहिला आणि त्याच्याच अंगणात डाव्या हाताने त्याला खालून मारत राहिला. चावेझचे हुक (वाकड्या हाताचे ठोसे) डोक्यावरून हवेत जात होते. मेवेदरसारखा तो मागे झुकत नाही, गुडघ्यांत वाकून खाली जातो. तुमचा थेट उजवा त्याला शोधणार कुठे? कमरेच्या उंचीवर?

कोपऱ्यातली_ताई

मी एका छोट्या क्लबमध्ये मुलामुलींना शिकवते, म्हणून पायांबद्दल लिहिते. हातांवर सगळेच बोलतात.

डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय जवळजवळ एकमेकांवर येतात. आम्ही जमिनीवर खडूने रेघ मारतो आणि मुलांना सांगतो, ठोसा विसरा, फक्त पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर ठेवा. ज्याचा पाय बाहेर, त्याचा मागचा हात सरळ रेषेत हनुवटीवर. पाच मिनिटांत पोरं घामाघूम होतात आणि एकही ठोसा पडलेला नसतो. या लढतीच्या पहिल्या तीन फेऱ्या मला अशाच दिसतात.

मेवेदरचा पाय शिस्तीचा आहे, पण तो दोन पावलं टाकून थांबतो. व्हिटेकरचे पाय थांबतच नाहीत. समोरचा ठोसा टाकून बघतो तोवर हा त्याच्या खांद्यामागे गेलेला असतो. पुढच्या हातांची खेचाखेची सुरू झाली की मेवेदरचा जॅब निम्मा अडकेल. व्हिटेकरचा उजवा जॅब मात्र त्या गुंत्यातही वाट काढतो, मॅकगर्टसारख्या चांगल्या बॉक्सरसमोर काढलीच होती. १३५ ला मी व्हिटेकर म्हणेन. १४७ ला विचारलंत तर मेवेदर, कारण तिथे तो अंगाने भरलेला असतो.

कार्ड_वाचणारा

तुम्ही तिघेही लढत कोण जिंकेल ते सांगताय. मी कार्ड कोण जिंकेल ते सांगतो.

जज चार गोष्टी बघतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. बचाव शेवटी येतो. दोघेही लागू देत नसतील तर फेरीला आठ-दहा ठोसे लागणार, आणि त्यांत जो ठोसा मागच्या रांगेतूनही दिसतो तोच फेरी नेतो. मेवेदरच्या उजव्याने समोरच्याची मान मागे जाते. व्हिटेकरचे ठोसे बरेच असतात, पण हलके दिसतात. ४० विजयांत १७ नॉकआउट.

व्हिटेकरचा अनुभवही तसाच. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये रामिरेझविरुद्धचा निकाल त्याच्याकडून काढून घेतला गेला. चावेझची लढत बरोबरीत सोडवली, तेव्हा ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावर ‘लुटलं’ म्हणून छापलं. १९९७ मध्ये डे ला होयाला नवव्या फेरीत खाली बसवून, त्याच्यापेक्षा जास्त ठोसे मारूनही दोन कार्डं ११६-११० अशी विरुद्ध गेली. वाकुल्या दाखवून ठोसा चुकवलेला जजना मस्ती वाटते. मेवेदर तोच ठोसा चुकवून लगेच उत्तर देतो. ११५-११३ मेवेदर.

डावा_पाय_पुढे

हा मुद्दा मला लागला, कारण रामिरेझची ती लढत मी आजही पूर्ण बघू शकत नाही. पण जजच्या चुका म्हणजे व्हिटेकरचा कमीपणा नव्हे. आणि कार्डांचंच बोलायचं तर २० एप्रिल २००२ घ्या, हाच १३५ पौंडांचा मेवेदर. कॅस्टिलोविरुद्ध जजनी ११६-१११, ११५-१११, ११५-१११ दिले आणि पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना कॅस्टिलो जिंकला असं वाटलं.

सरळ_उजवा

कॅस्टिलो अंगावर रेलून पोटात मारत होता, ते व्हिटेकरचं काम नाही. मेवेदरने डावा खांदा दुखावल्याचंही सांगितलं होतं. आणि डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच माणसाला त्याने बॉक्सिंग करून हरवलं.

नवा_प्रेक्षक

प्रामाणिकपणे विचारतो, दोघेही मारू देत नाहीत, मग ही लढत कंटाळवाणी नाही होणार?

डावा_पाय_पुढे

एकदा ठोसे बघू नका. फक्त व्हिटेकरची कंबर आणि मेवेदरचे डोळे बघा. मेवेदर समोरच्याचा ठोसा हनुवटीपर्यंत येऊ देतो, डोळे मिटत नाही, शेवटच्या इंचात मान काढतो. व्हिटेकर हाताच्या अंतरावर उभा राहून सहा ठोसे हवेत घालवायला लावतो. ही माणसं पळत नाहीत, समोर उभी असतात आणि सापडत नाहीत. मला बॉक्सिंगमध्ये याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

कोपऱ्यातली_ताई

आणखी एक, कोपऱ्यांचं, म्हणजे प्रशिक्षकांचं, कुणीच बोललं नाही. व्हिटेकरच्या कोपऱ्यात जॉर्ज बेंटन होते. ते फिलाडेल्फियाचे, खांद्याआडचा हा बचाव स्वतः रिंगमध्ये लढून पिकलेले. त्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती. मेवेदरच्या कोपऱ्यात त्याचे काका रॉजर, जे १९८७ मध्ये नॉरफोकला स्वतः व्हिटेकरशी बारा फेऱ्या लढून हरले होते. व्हिटेकरने भर लढतीत त्यांची चड्डी खाली ओढली होती. अशा माणसाला पुतण्याने हरवावं म्हणून रॉजर किती तयारी करून घेतील, विचार करा.

सरळ_उजवा

रॉजरचं माझ्याही ध्यानात नव्हतं. आणि बेंटन कोपऱ्यात असतील तर पहिल्या सहा फेऱ्यांतल्या चार व्हिटेकरला देतो, आधी तीन धरल्या होत्या. सातवीपासून मात्र मेवेदर हात वर घेऊन पुढे येईल आणि उजवा छातीवर मारायला लागेल. वाकलेलं डोकं सापडत नाही, छाती सापडते. शेवटच्या सहांतल्या पाच त्याच्या. माझं कार्ड ११५-११३ मेवेदर, आणि बारावी फेरी कुणाची यावर आपण पुन्हा भांडू.