मदत हवी आहे: आजीवरच्या कवितेसाठी भलरीच्या ओळी

नमस्कार मंडळी. मी सोलापूरला असतो, मूळ गाव मंगळवेढ्याकडे. आजीच्या वर्षश्राद्धाला वाचायला ज्वारीच्या काढणीवर कविता लिहितोय.

आमच्या घरी मालदांडी ज्वारी विळ्यानं कापत नसत, मुळासकट उपटायचे. उपटून उपटून आजीच्या तळहाताला घट्टे पडले होते, आणि भाकरी थापताना पिठावर त्यांचे ठसे उमटायचे. कविता तिथूनच सुरू केलीय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण बियाणं राखेत घोळून गाडग्यात जपणाऱ्या बायकांची नावं कुठं आली? माझ्या आजीचं निदान कवितेत तरी यावं.

खळं, तिवडा, पात हे काढणी-मळणीचे शब्द वडिलांनी सांगितले. काढणीला म्हणायचं गाणं, ती भलरी मात्र घरात कुणालाच पुरती आठवत नाही. सांगोला, मोहोळ, बार्शीकडं कुणाच्या घरी जुनी माणसं असतील तर दोन ओळी विचाराल का? जशा म्हणतील तशाच लिहा, शुद्ध करू नका.

आणखी एक अडलंय. कष्ट लिहायला गेलं की नुसती कीव उतरते. आजी तर संध्याकाळी पेंढ्या मोजून ताठ मानेनं घरी यायची. तो ताठा शब्दांत कसा आणू?