कादंबरीचे हक्क देताना आधी प्रकाशकाचा करार काढा

चित्रपट-मालिकांच्या निर्मात्यांना लिखाण पाठवण्याबद्दल 'स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे (पटकथा-संवाद लेखकांच्या संघटनेकडे) नोंदणी केली की संहिता बिनधास्त पाठवा' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होतं, एवढं नोंदणीने दाखवता येतं, आणि ती करायलाच हवी. पण नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. म्हणून फोनवर कल्पना ऐकवत बसू नका. प्रसंग-संवादांसकट लिहिलेलं पाठवा, तेही ईमेलने.

आता कादंबरीबद्दल सांगतो. माझ्या कादंबरीसाठी एका निर्मात्याने विचारलं तेव्हा प्रकाशकाबरोबरचा जुना करार कपाटातून काढला. तिसऱ्या पानावर 'सर्व माध्यमांतील रूपांतराचे हक्क' प्रकाशकाकडे, असं छापलेलं! सही करताना मी ती ओळ वाचलीच नव्हती. हक्क परत लिहून घेण्यात ४ महिने गेले. पुढे निर्मात्याचा मसुदा आला, त्यात मुदतीची जागा कोरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठी दिले असं धरतात. घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर संपतात, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. वापरले नाहीत तरी हक्क संपणार नाहीत, अशी वेगळी ओळ माझ्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या पानावर होतीच. ती खोडायला लावली, १८ महिन्यांची मुदत पेनाने लिहिली आणि शेजारी दोघांनी सह्या केल्या.