मदत हवी आहे: थर्मल फोटोत पायाची बोटंच कापली जातायत

पुण्यातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मधुमेहींच्या दोन्ही तळपायांचं तापमान पायथनमध्ये ताडून पाहायचं. एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला की खूण करायची. सेन्सर १६० बाय १२० पिक्सेलचा, इमिसिव्हिटी (त्वचा किती उष्णता बाहेर टाकते त्याचं प्रमाण) ०.९८. मोजे काढून १५ मिनिटं थांबतो, पंखा बंद. रंगीत जेपीजी नाही, १६ बिटचा कच्चा डेटाच वापरतो. ऑटो स्केलमध्ये रंगांना अर्थ उरत नाही.

अडचण अशी: ओत्सू थ्रेशोल्ड (पाय आणि पार्श्वभूमी यांच्यातली सीमा आपोआप ठरवणारी पद्धत) लावला की थंडगार बोटं पार्श्वभूमीत जमा होतात. सकाळी खोली २२ अंशांवर, अंगठाही जवळपास तेवढाच, मग मास्क (फोटोतून वेगळा काढलेला पायाचा आकार) चवड्यापाशीच संपतो. नेमकी तपासायची जागाच हातची जाते! घोट्यामागे थर्मोकोल लावला, फरक थोडाच पडला.

साध्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून मास्क काढून होमोग्राफीने (एका फोटोतले बिंदू दुसऱ्यावर जुळवणाऱ्या गणिताने) थर्मल फोटोवर बसवावा का? ५० सेंटीमीटरवर पॅरॅलॅक्समुळे (दोन कॅमेरे वेगळ्या जागी असल्याने दिसणाऱ्या फरकामुळे) कडा किती सरकतात? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.