[मंडळ-यादी] बेट्स गेला, पिचिंगचं काय?

प्रेषक: फ्रेमिंगहॅमकर
दि. १२ फेब्रुवारी २०२०

नमस्कार मंडळी,

सोमवारी आपल्या बॉस्टन रेड सॉक्स बेसबॉल संघाचा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) अधिकृत झाला. मूकी बेट्स आणि पिचर डेव्हिड प्राइस लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले, बदल्यात आपल्याला ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग मिळाले. संक्रांतीच्या कार्यक्रमात ज्यांच्याशी यावर बोलणं अर्धवट राहिलं, त्यांच्यासाठी आणि यादीवरच्या इतर रेड सॉक्सवाल्यांसाठी जरा सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी बिघडलं कुठे ते आधी बघा. २०१८मध्ये १०८ विजय आणि वर्ल्ड सिरीज. २०१९मध्ये ८४-७८ (विजय-पराभव), डिव्हिजनमध्ये तिसरा नंबर, प्लेऑफच्या ऑक्टोबरमध्ये सगळे घरी. पण बॅटिंगने दगा दिला नव्हता. संघाच्या ९०१ धावा झाल्या. मार्टिनेझचे ३६ होमरन, बोगार्ट्सचे ३३, डेव्हर्सचे ३२, बेट्सचे २९. घात केला तो पिचिंगने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी. सेल ६-११. पोर्सेलोचा ई.आर.ए. (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ५.५२, इओवाल्डीचा ५.९९. किंब्रेल आणि जो केली गेले, तर बुलपेनमध्ये (राखीव पिचरांत) त्यांच्या तोडीचं कुणी आणलंच नाही. एकटा एदुआर्दो रॉड्रिगेझ वर्षभर उभा राहिला, १९-६.

म्हणजे हिवाळ्यात पिचर आणायला हवे होते. आणि झालं काय? पोर्सेलो मेट्सकडे, प्राइस लॉस एंजेलिसला, त्या जागी फक्त मार्टिन पेरेझ, आणि वर आपला सर्वोत्तम हिटर देऊन टाकला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बेट्स २०११च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) पाचव्या फेरीत घेतलेला, आपल्याच फार्ममध्ये (कनिष्ठ संघांत) वाढलेला. १२ जुलै २०१८ची ब्लू जेजविरुद्धची मॅच आठवते का? बेसेस भरलेल्या, समोर जे. ए. हॅप. चेंडूमागून चेंडू फाउल करत तो टिकून राहिला, आणि तेरावा चेंडू आपल्या फेनवे मैदानाच्या उंच डाव्या भिंतीच्या, ग्रीन मॉन्स्टरच्या, वरून गेला. एरवी शांत असणारा हा मुलगा तेव्हा ओरडत धावला. त्याच वर्षी तो एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला: बॅटिंग सरासरी .३४६, ३२ होमरन, ३० स्टील (चोरलेले बेस). असा खेळाडू वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी देऊन टाकायचा नसतो.

– फ्रेमिंगहॅमकर

----

प्रेषक: नॅशुआकर
दि. १२ फेब्रुवारी २०२०

तुझा त्रागा समजतो रे, मलाही झोप लागली नाही. पण हिशेब पूर्ण मांड.

लक्झरी टॅक्सची, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या कराची, मर्यादा यंदा २० कोटी ८० लाख डॉलर. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं आपण मर्यादेच्या वर होतो. पहिल्या वर्षी जादा रकमेवर २० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. एक वर्ष खाली आलं की पुन्हा २० पासून सुरुवात. मालक जॉन हेन्रींनी सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं की खाली यायचंय. बेट्सचा यंदाचा पगार २ कोटी ७० लाख, शिवाय हंगाम संपला की तो फ्री एजंट (कुठल्याही संघाकडे जायला मोकळा). छापून आलेले आकडे खरे धरले, तर संघ १० वर्षांचे ३० कोटी द्यायला तयार होता आणि त्याला १२ वर्षांचे ४२ कोटी हवे होते. एवढं अंतर असताना नोव्हेंबरमध्ये हात हलवत बसण्यापेक्षा आत्ता काहीतरी पदरात पडलं.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. दुखापतीतून आलेल्या सेलला मार्च २०१९मध्ये ५ वर्षांचे १४ कोटी ५० लाख देण्याची घाई का केली? इओवाल्डीला ४ वर्षांचे ६ कोटी ८० लाख? प्राइसचे ९ कोटी ६० लाख उरले होते, त्यातले निम्मे आता आपणच भरणार. तेव्हाचे संघप्रमुख डोम्ब्राउस्कींनी वर्ल्ड सिरीज दिली, ते मी विसरणार नाही. पण मूकीचे पैसे याच करारांत गेले, आणि निस्तरायला त्यांच्या जागी हाइम ब्लूम आले.

आणि मॅनेजर कोरा गेल्याचं कुणीच कसं लिहीत नाही? रॉन रॉनिकींना कालच हंगामी मॅनेजर केलंय, तेही २०१८च्या आपल्याच संघाची प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याबद्दल चौकशी चालू असताना.

– नॅशुआकर काका

----

प्रेषक: लेक्झिंग्टनकर
दि. १३ फेब्रुवारी २०२०

काका, हिशेब पटला, पण राइट फील्ड (मैदानाची उजवी बाजू) कोण सांभाळणार ते सांगा. फेनवेचं राइट फील्ड म्हणजे कोपऱ्यातल्या पेस्की पोल खांबापाशी ३०२ फूट आणि बुलपेनसमोर ३८०. चेंडू कोपऱ्यात घुसला की कसा वळेल याचा नेम नसतो. बेट्सने तिथे ओळीने चार वर्षं गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचं पारितोषिक) घेतलं. २०१८च्या लीग चॅम्पियनशिप सिरीजची चौथी मॅच आठवा, ह्यूस्टनमधली. आठव्या इनिंगमध्ये त्यांचा टोनी केम्प दुसऱ्या बेसवर पोचतच होता, आणि बेट्सने कोपऱ्यातून फेक करून त्याला बाद केलं. बेनिन्टेंडीच्या झेलाबद्दल सगळे बोलतात, ही फेक विसरतात. व्हर्डुगो गुणी आहे, पण त्याच्या पाठीच्या हाडाला चीर आहे आणि तो कधी खेळेल हे कुणी सांगत नाही.

माझी लेक लिटल लीगमध्ये राइट फील्डला खेळते, बेट्सचा ५० नंबर मागून घेतला होता तिने. नंबर बदलणार नाही म्हणाली.

मंडळाच्या फेनवे सहलीची नावं घेणं चालू आहे ना? आमची चार धरा.

– लेक्झिंग्टनकर वहिनी

----

प्रेषक: फ्रेमिंगहॅमकर
दि. १३ फेब्रुवारी २०२०

वहिनी, चार नावं लिहिली.

काका, टॅक्सचं गणित मान्य. पण मर्यादेखाली येऊन वाचलेला पैसा कुठे जाणार, हे ब्लूमनी सांगायला हवं. फेनवेची तिकिटं लीगमधल्या महागड्यांत मोडतात, ती आपण घेतो ते चांगला संघ बघायला. बोगार्ट्सशी गेल्या एप्रिलमध्ये ६ वर्षांचे १२ कोटी ठरले, तेव्हा किती स्वस्तात पडला तो! तसंच आत्ता डेव्हर्सबाबत करा. तेवीस वर्षांचा आहे, सरासरी .३११ आणि ११५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). त्याच्यावरही फ्री एजन्सीच्या तोंडाशी येऊन वाटाघाटी करायची वेळ आणली, तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

बाकी हंगामाआधीच्या सरावासाठी फोर्ट मायर्सला पिचर जमलेत. सेल, रॉड्रिगेझ, इओवाल्डी, पेरेझ. पाचवा कोण, कुणाला माहीत असेल तर याच धाग्यावर लिहा.

– फ्रेमिंगहॅमकर