मदत हवी आहे: पाणी साखळी तोडतं, मग पहिली साखळी पाण्यात टिकली कशी?

नमस्कार मंडळी,

सजीवांच्या रासायनिक उगमावर वाचन चालू आहे आणि एका जागी घोडं अडलंय. रसायनशास्त्रातल्या जाणकारांची मदत हवी आहे.

सुटे घटक कुठून आले, हा माझा प्रश्न नाही. १९५३ मध्ये स्टॅनली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचपात्रात खेळवून ठिणग्या पाडल्या, तेव्हा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, मिळाली. आदिम पृथ्वीवर हेच वायू होते का, यावर वाद आहे. पण १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्लं सापडलीच.

खरी अडचण जोडणीची. दोन अमिनो आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर अभिक्रियेचा कल उलट दिशेला राहणार, जुळलेलं पुन्हा सुटणार. आरएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहून नेणारा रेणू, त्याच्या साखळीचंही तेच. त्यात आरएनएमधली राइबोज ही साखर फारच नाजूक: १०० अंश सेल्सिअसला, उदासीन पाण्यात, तिचा अर्धायुकाल (निम्मी साखर विघटित व्हायला लागणारा वेळ) जेमतेम ७३ मिनिटं. आज पेशीत अमिनो आम्लांची जोडणी राइबोसोम हे प्रथिनं बनवणारं यंत्र करतं, पण ते स्वतःच आरएनए आणि प्रथिनांचं बनलेलं!

जीवोत्पत्तीचे संशोधक डेव्हिड डीमर यांचं उत्तर मला पटतं: ज्वालामुखी प्रदेशातली गरम पाण्याची डबकी, जी सुकतात आणि पुन्हा भरतात. सुकताना पाणी निघून जातं, उरलेले रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि जुळतात. पण डबकं पुन्हा भरल्यावर काय? तुटण्यापेक्षा जुळण्याचा वेग जास्त राहतो, असं प्रयोगात मोजून दाखवलंय का? मेदाम्लांच्या (चरबीतल्या आम्लांच्या) पातळ पटलांमुळे किंवा माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजामुळे साखळीला संरक्षण मिळतं का?

दुसरा पक्ष समुद्रतळाच्या अल्कधर्मी उष्ण झऱ्यांचा, २००० मध्ये अटलांटिकमध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’सारख्या. आतलं पाणी अल्कधर्मी, बाहेरचा आदिम समुद्र किंचित आम्लधर्मी, म्हणून दोन्हीकडच्या प्रोटॉनच्या (हायड्रोजन आयनांच्या) प्रमाणातल्या फरकातून ऊर्जा मिळते, हा मुद्दा जबरदस्त आहे. आजच्या पेशीही प्रोटॉनच्या फरकावरच एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बनवतात. पण तिथे सुकणं कधीच नाही. मग ती ऊर्जा नेमकी बंध जुळवण्याच्या कामी कशी लागते? थायोएस्टर या गंधकयुक्त, ऊर्जासंपन्न संयुगांमार्फत का?

रेणूंच्या पातळीवर, पायरीपायरीने कुणी समजावलं तर फार बरं होईल. समीकरणं आली तरी चालतील.